सहा वर्षांचा मुलगा, चौदा शिंकालिओन आणि एक मोडलेली मांडी

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तसा आधी मांडतो. तुम्ही तोक्योत निशी-कासाईला राहता. मुलगा सहा वर्षांचा, यंदाच पहिलीत गेला. तो ‘शिंकालिओन’ या जपानी कार्टूनचे जुने भाग लावून बसतो, आणि पडद्यावर जी बुलेट ट्रेन रोबोट होते ती त्याला आठवडाभरात हवी असते. घरात चौदा जमले आहेत. तुमचे यजमान म्हणतात की हे कार्टून नाहीच, वीस मिनिटांची जाहिरात आहे, बंद करून टाकू. तुमचा जीव होत नाही, कारण तो त्या रोबोटांत खरंच रमतो, निदान पहिल्या तीन-चारांत रमायचा. शेवटी तुम्ही विचारलंय की एकाची मांडी मोडली आहे, ती फेव्हिक्विकसारख्या गोंदाने चिकटवू का.

मी भोसरीत मोल्डच्या कारखान्यात काम शिकलो आणि गेली अठरा वर्षं इथे आइची प्रांतात तेच करतो. प्लास्टिकचे भाग ज्यात ओततात ते साचे बनवतो. महिन्यातले दोन शनिवार आमच्या भागातल्या जिदोकानमध्ये, म्हणजे मुलांच्या सार्वजनिक केंद्रात, ‘ओमोचा ब्योइन’ भरतं, म्हणजे खेळण्यांचा दवाखाना. असे दवाखाने जपानभर आहेत, बहुतेक ठिकाणी फुकट, नवा पार्ट लागला तरच त्याचे पैसे. मूल मोडकं खेळणं घेऊन येतं, आम्ही त्याचा ‘करुते’ लिहितो, डॉक्टर पेशंटचा लिहितो तसाच कागद. त्या दिवशी जमलं नाही तर खेळणं दवाखान्यात दाखल होतं. मी तिथे अकरा वर्षं बसतोय. पुढे जे सांगतोय ते त्या टेबलावरून दिसलेलं आहे.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. ही मालिका प्रामाणिक आहे का, हा यजमानांचा प्रश्न. घरातली मागणी कशी आवरायची, हा तुमचा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं की दुसरा आपोआप सुटेल, असं तुम्ही दोघं धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. मालिका बंद केलीत तरी वर्गात, दुकानात, स्टेशनावर त्या गाड्या दिसत राहणारच.

आधी यजमानांचा मुद्दा घेतो, कारण त्यात बरंच तथ्य आहे.

जपानमध्ये राक्षसी रोबोटांची गोष्ट खेळण्यापासून सुरू झाली नव्हती. मित्सुतेरू योकोयामा यांची ‘तेत्सुजिन २८-गो’ ही चित्रकथा १९५६ साली मासिकातून आली आणि १९६३ मध्ये तिचं टीव्हीवर कार्टून झालं. त्यात मुलगा बाहेर उभा राहून रिमोटने रोबोट चालवतो. रिमोट ज्याच्या हाती, रोबोट त्याचा. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ लागायचा, मनगटातल्या घड्याळात बोलून रोबोटला हाक मारणारा मुलगा, तुमच्या मोठ्या भावंडांना आठवत असेल. मूळ मालिका १९६७ ची, आणि ती निर्मितीही योकोयामांचीच. माझ्या लहानपणी त्या रोबोटचं खेळणं आमच्या बाजारात मिळत नव्हतं. मी काडेपेट्यांतून सुतळी ओवून त्याचे हातपाय केले होते. गुडघा वाकला पाहिजे म्हणून दोन काडेपेट्यांमध्ये किती फट ठेवायची, यावर अख्खी दिवाळीची सुट्टी गेली. मी बनवलेला तो पहिला सांधा.

१९७२ मध्ये गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’ने मुलाला थेट रोबोटच्या डोक्यात बसवलं आणि चित्र बदललं. पुढच्याच वर्षी पोपी नावाच्या कंपनीने त्याचा सुमारे साठ सेंटिमीटर उंचीचा पुतळा काढला, शांपूच्या बाटलीला असतं तशा पोकळ पॉलिथिनचा. १९७४ मध्ये आलं ‘चोगोकिन’, म्हणजे महामिश्रधातू. गोष्टीतला रोबोट ज्या काल्पनिक धातूचा, त्याचंच नाव जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या छोट्या रोबोटला दिलं. तो हातात घेतला की वजन लागायचं. इथपर्यंत गोष्ट पुढे आणि खेळणं तिच्या मागे होतं.

त्याच १९७४ मध्ये ‘गेटर रोबो’ आला. त्यात तीन विमानं एकमेकांत घुसतात आणि धातू कणकेसारखा ताणला जाऊन त्यांचा रोबोट होतो. चित्रात सुरेख दिसतं, साच्यात अशक्य आहे. दुकानातल्या रोबोटला ते जमायचं नाही, आणि मुलाला ते घरी गेल्यावर कळायचं. मग १९७६ मध्ये ‘कॉम्बॅटलर व्ही’ आला. पोपीच्या कात्सुशी मुराकामी यांनी पाच वाहनांची जुळणी अशी आखली की जे पडद्यावर जुळतं तेच हातातही जुळावं. त्यासाठी खेळणं करणारा माणूस गोष्टीच्या बैठकीत पहिल्या दिवसापासून बसला. यजमानांचा आरोप साधारण तिथपासून खरा आहे. पण माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिलं तर मुलाची फसवणूकही तिथेच कमी झाली. पडद्याने दिलेलं वचन हाताने तपासून बघता येऊ लागलं.

मी शिंकालिओनला हीच कसोटी लावतो, आणि तो उतरतो. २०१८ च्या मालिकेतला ई५ हायाबुसा घ्या. पुढचा डबा आणि मागचा डबा, दोन्ही मिळून एक रोबोट. एकाचं वरचं अंग, दुसऱ्याचं खालचं. मुलाने तो स्वतःच्या हाताने उलगडायचा असतो. परत गाडी केली की तो प्लारेल या खेळण्यातल्या आगगाडीच्या निळ्या रुळांवर बसतो, आणि त्या रुळांचं माप १९५९ पासून तेच आहे. एका रोबोटचे हात दुसऱ्याला लागतात, तेही पडद्यावर दिसतात तसेच. हे साधणं सोपं नाही. आगगाडीचं लांब नाक कुठेतरी लपवायचं, पाय वजन पेलतील इतके जाड ठेवायचे, आणि सहा वर्षांच्या बोटांनी खटका बसला पाहिजे पण आपोआप निसटता कामा नये. असे सांधे ज्यांनी आखले त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

‘जाहिरात’ या शब्दाबद्दल अजून एक. जाहिरात म्हणून काढलेली मालिका चालतेच असं नाही. १९७९ चा ‘गंडम’ क्लोव्हर या खेळणी कंपनीच्या पैशावर उभा होता. त्यांची खेळणी खपली नाहीत, प्रेक्षकही कमी, आणि बावन्न भागांची मालिका त्रेचाळिसाव्या भागाला गुंडाळली. पुढच्या वर्षी बांदाई या दुसऱ्या खेळणी कंपनीने त्याच गंडमचे सुटे भाग जोडायचे किट आणले, तीनशे येनांना एक, आणि त्यांच्यासाठी रांगा लागल्या. क्लोव्हर १९८३ मध्ये बुडाली. उलट ‘ट्रान्सफॉर्मर्स’मध्ये खेळणी आधी होती. ताकारा या जपानी खेळणी कंपनीच्या ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रोमॅन’मधले रोबोट १९८४ मध्ये अमेरिकेत हॅसब्रो कंपनीने नव्या नावांनी आणले आणि गोष्ट त्यांच्यावरून रचली. यजमानांचं म्हणणं सगळ्यात खरं ठरतं ते इथे. तरीही १९८६ च्या चित्रपटात नव्या खेळण्यांना जागा करायला म्हणून नायक रोबोट ऑप्टिमस प्राइमला मारलं, तेव्हा मुलं इतकी दुखावली की टीव्हीवर त्याला परत आणावं लागलं. कंपनीसाठी तो जुना माल होता, मुलांसाठी कोणीतरी होता.

तेव्हा मालिकेवर मी ‘अप्रामाणिक’ असा शिक्का मारणार नाही. ती खेळणी विकायला आहे आणि चांगली बनवलेली आहे, दोन्ही खरं.

आता घरातल्या मागणीकडे येतो.

या मालिकांना वर्षाचं एक वेळापत्रक असतं आणि ते दुकानाच्या वेळापत्रकाला बांधलेलं असतं. १९९० ते १९९७ मध्ये ताकारा आणि सनराइज हा कार्टून स्टुडिओ यांच्या ‘युउशा’ मालिका दर वर्षी एक अशा आठ आल्या, त्यांत हे स्पष्ट दिसतं. सुरुवातीला पहिला नायक रोबोट, मधल्या महिन्यांत दुसरा, मग दोघांचं मिळून ‘ग्रेट गात्ताई’, म्हणजे महाजोडणी, नाताळच्या खरेदीला हाताशी येईल अशी. शिंकालिओनच्या ‘झेड’ मालिकेतही बुलेट ट्रेनला जुन्या मार्गांवरच्या गाड्या येऊन जोडल्या जातात. हे भाग जेव्हा टीव्हीवर लागायचे, तेव्हा एका नव्या रोबोटनंतर दुसरा यायला काही आठवडे जायचे. तेवढ्यात मूल पहिल्याशी खेळून घ्यायचं. तुमचा मुलगा जुने भाग सलग बघतोय. वर्षभराची दुकानदारी त्याच्यासमोरून दोन-तीन महिन्यांत जाते आहे. माझ्या मते चौदाचा आकडा इथून आला. म्हणून मी मालिका तोडणार नाही, वेग तोडीन. आठवड्याला एकच भाग, ठरलेल्या दिवशी, जमलं तर तुमच्यापैकी कोणीतरी शेजारी बसून.

दवाखान्यात करुतेवर मी एक प्रश्न माझ्या मनाने जास्तीचा लिहितो: घरी असे आणखी किती आहेत? दोन-तीन असलेलं मूल सांगतं की कुठल्या पायरीला आवाज आला, कुठे आधी घट्ट लागत होतं. ज्याच्याकडे ढीग आहे त्याचं उत्तर बहुधा आईच देते. गेल्या वर्षी सात वर्षांचा एक मुलगा खांद्याची पिन मोडलेला रोबोट घेऊन आला होता. मी पाठीची पट्टी उघडायला गेलो तर त्याने माझा हात धरला: ‘आधी खांदा, मग पाठ.’ त्याचं बरोबर होतं. खांदा आधी वळवला नाही तर पाठीच्या पट्टीचा ताण नेमका त्या पिनवर येतो. पिन तिथेच मोडली होती, कारण आदल्या दिवशी धाकट्या बहिणीने उलट क्रमाने उघडायचा प्रयत्न केला होता. पंचवीस पायऱ्यांचा क्रम त्या मुलाच्या बोटांत होता, आणि त्यामागचं कारणही त्याला ठाऊक होतं. चौदा रोबोट झपाट्याने आले तर असं होत नाही. हातात उतरायच्या आत पुढचा आलेला असतो.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही.

पहिली, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती, शाळेची. परदेशातली शाळा, नवा वर्ग, भाषा अजून तोंडात बसायची आहे. ‘माझ्याकडे ई६ कोमाची आहे’ हे त्याचं मैत्रीचं पहिलं वाक्य असू शकतं. तसं असेल तर मागणी रोबोटची नाही, बोलायला विषय हवा म्हणून आहे, आणि घरात मालिका बंद केल्याने तो वर्गात एकटा पडेल. वर्गात कोणाकडे काय आहे हे तो घरी किती सांगतो, यावरून तुम्हाला अंदाज येईल. विषयच हवा असेल तर दुसरेही आहेत. ओमियाच्या रेल्वे संग्रहालयाखालीच गोष्टीतला रोबोटांचा तळ आहे, आणि वर शिंकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, शून्य आणि २०० मालिकेच्या खऱ्या गाड्या ठेवल्या आहेत. एक दिवस तिथे घेऊन जा. सोमवारी वर्गात सांगायला त्याच्याकडे काहीतरी असेल. आणि पुण्याच्या आजीला फोनवर सांगायलाही आहे: मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी सुरुवातीला ई५ मालिकेचीच गाडी ठरली होती.

दुसरी, मूल कुठल्या प्रकारचं आहे. काही मुलं गोष्टीत रमतात. त्यांना मालिकेचा नायक हायातो कोण, त्याचे बाबा त्याला चालक व्हायला का अडवतात, याचं पडलेलं असतं. त्यांना एक रोबोट पुरतो आणि उशीसुद्धा शत्रू होऊ शकते. काही सांध्यात रमतात, म्हणजे ते गाडीचा रोबोट आणि रोबोटची गाडी शंभरदा करतील आणि गोष्ट विसरतील. काहींना संग्रहाची हौस असते, नंबर लावून ओळीत मांडायची. तीही वाईट नाही, पण ती खरेदीवर जगते, म्हणून तिलाच मर्यादा घालावी लागते.

तिसरी, घरात तीन वर्षांच्या आतलं धाकटं भावंड आहे का. असेल तर टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं ते तोंडात जाऊ शकतं, असं धरा. ती नळी आणि तीन वर्षांच्या मुलाचं उघडलेलं तोंड साधारण सारख्याच मापाची. सुटणाऱ्या मुठी, तलवारी आणि चपट्या सेलचं झाकण तेवढं आधी बघून घ्या.

तुमच्या जागी मी असतो तर एखाद्या मोकळ्या रविवारी चौदाही रोबोट चटईवर मांडले असते आणि मुलाला म्हटलं असतं, कागद न बघता करून दाखव. परीक्षा म्हणून नव्हे, शेजारी बसून बघायला. माझा अंदाज आहे की तीन-चार तो झरझर करेल. ते बाहेर ठेवा. बाकीचे त्याच्यादेखत खोक्यात भरून ओशिइरेत, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, ठेवा, आणि महिन्यातून एकदा त्याच्याच निवडीने एक बाहेर, एक आत. शिक्षा म्हणून ठेवू नका. गाड्या कारशेडमध्ये जातात असं सांगा, आणि तेच खरं ठेवा. मी हे बऱ्याच पालकांना सुचवलं आहे. पहिले दोन आठवडे कुरकुर होते, मग खोक्यातून बाहेर येणारा जुना रोबोट नव्यासारखा मिळतो.

नवीन रोबोट फक्त ठरलेल्या दिवशी: वाढदिवस, पाच मेचा बालदिन, नाताळ. नववर्षाला मिळालेले ओतोशिदामाचे पैसे त्याचे, ते कशावर घालवायचे ते त्याने ठरवावं. आणि एक अट ठेवा. नवा रोबोट घरातल्या कुठल्या तरी जुन्याशी जोडला गेला पाहिजे, आणि कसा जोडला जाईल ते त्याने घेण्याआधी तुम्हाला समजावून सांगायचं. मुलं ही अट आनंदाने पाळतात, कारण त्यांना समजावून सांगायचंच असतं.

मधल्या दिवसांसाठी बनवण्याकडे वळवा. दुधाचे धुतलेले खोके, पुठ्ठा आणि दुकानात मिळतात त्या दोन पायांच्या पितळी चाप-पिना एवढ्यावर सांधा होतो. दवाखान्यात नंबर येईपर्यंत मुलांसमोर मी हेच सामान ठेवतो. पिन कुठे टोचली तर हात वर जातो आणि कुठे टोचली तर अडतो, हे एकदा कळलं की दुकानातल्या रोबोटकडेही मूल वेगळ्या डोळ्यांनी बघतं. आठव्या वर्षाच्या आसपास गंडमचं ‘एंट्री ग्रेड’ किट द्या. २०२० च्या डिसेंबरमध्ये हे किट आलं तेव्हा सुमारे पावणेआठशे येनांना मिळायचं. भाग बोटांनीच सुटतात, कटर लागत नाही, गोंदही लागत नाही. सहाव्या वर्षी द्यायचंच असेल तर बाबांनी सोबत बसावं. यजमानांना या सगळ्याचा राग असेल तर त्यांनाच बसवा. जाहिरात कुठे संपते आणि खेळणं कुठे सुरू होतं, हे हाताने जास्त लवकर कळतं.

आता ती मांडी. कृपया झटपट चिकटणारा गोंद लावू नका. तो पातळ असतो, सांध्याच्या आत पाझरतो आणि जो भाग फिरायला हवा तोच कायमचा आवळून टाकतो. शिवाय अशा सांध्यांच्या पिना पुष्कळदा पॉलीअ‍ॅसिटल नावाच्या प्लास्टिकच्या असतात, त्यावर गोंद धरतच नाही. शिलाई मशीनचं तेलही घालू नका, ताणाखाली असलेल्या एबीएस प्लास्टिकला त्याने तडे जाऊ शकतात.

मोडलेल्या जागी आधी नीट बघा. चीर पडून प्लास्टिक पांढरं झालंय, पिन साफ तुटलीय, की गोळा वाटीतून नुसता निसटलाय? निसटला असेल तर वाटीवर सरळ धरून दाबा, बसेल. बसून सैल राहिला तर गोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या, पूर्ण एक दिवस वाळू द्या, मगच बसवा. पिन तुटली असेल तर ते घरचं काम नाही. आम्ही दोन्ही बाजूंना एक मिलिमीटरचं भोक पाडून आत पितळेची तार घालतो. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, आणि तो सांधा बहुतेक वेळा मूळपेक्षा पक्का होतो.

तुमच्या वॉर्डातही असा दवाखाना भरत असेल, जिदोकानमध्ये किंवा वॉर्ड ऑफिसात विचारा. तुटलेला प्रत्येक कण, अगदी तांदळाएवढाही, एका पिशवीत घालून ठेवा. खेळणं मुलाला स्वतः घेऊन जाऊ दे, आणि कुठे दुखतंय ते डॉक्टरला त्यानेच सांगू दे.